केशवाहिन्यांतील वेग

रक्तदाबाचा आकडा समाधानकारक आहे, असे सांगून नातेवाइकांना धीर द्यावा आणि काही तासांतच रोगी हातचा जावा, हा तीव्र जंतुसंसर्गातील अनुभव डॉक्टरांना नवा नाही. मोठ्या रोहिण्यांतील दाब सावरलेला असतो. केसाहून बारीक केशवाहिन्यांतून मात्र रक्त सरकत नसते. माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात या वाहिन्या पाहिल्या. पण त्यांतील वेग रोग्याच्या खाटेशी मोजण्याची सोय अगदी अलीकडची. जिभेखाली हिरवा प्रकाश टाकला की हिमोग्लोबिन तो शोषते, तांबड्या पेशी काळ्या दिसतात, आणि चित्रफितीच्या एका चित्रातून दुसऱ्या चित्रात पेशी किती सरकली त्यावरून वेग निघतो. सेकंदाला अर्धा मिलिमीटर वेग धरला, तर सेकंदाला तीस चित्रे घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातही दोन चित्रांमध्ये पेशी आपल्या रुंदीच्या दुपटीहून थोडी अधिक सरकते. हे गणित शाळकरी पोरालाही जमावे!

बीदर-कलबुर्गीच्या मागासलेपणाची दखल २०१२ च्या घटनादुरुस्तीने घेतली, महाविद्यालयेही वाढली. तरी अत्यवस्थ माणूस गाडीत घालून सोलापूरची वा हैदराबादची वाट धरणारी कुटुंबे तिकडे कमी नाहीत. वाटेतल्या दवाखान्यात महागडे यंत्र कोठून येणार? तेथे बोटाचे टोक दहा सेकंद दाबून रक्तिमा परतण्यास तीन सेकंदांहून अधिक लागतात काय, हे पाहणे तरी शक्य आहे. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत ४२४ रोग्यांवर ही रीत अजमावली गेली. २०१९ च्या त्या अहवालात या रीतीने उपचार झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३४.९ टक्के, रक्तातील लॅक्टेट पाहून झालेल्यांत ४३.४ टक्के होते. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरता उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय आमच्या सावळ्या कातडीवर तो रक्तिमा सहज दिसत नाही. जिभेखाली ही अडचण नाही, म्हणून तर कॅमेरा हवा.

कलबुर्गीत हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्थेचे १९५८ चे अभियांत्रिकी आणि १९६३ चे वैद्यकीय महाविद्यालय एकाच छत्राखाली आहे. स्वस्त कॅमेरा एकाने घडवावा, दुसऱ्याने तो खाटेशी पारखावा, आणि बंगळूरच्या सरकारने त्याचा खर्च उचलावा, ही मागणी अवाजवी नव्हे. गोव्यातील इमारतींचे पाये खणणारे अनेक मजूर त्याच मुलखातले आहेत. तेव्हा तेथे ठरलेले मोजमाप येथील रुग्णालयांतही लगेच उपयोगी पडेल.