राहायचं की निघायचं?

दोस्तांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडे घालतो. एक बाई जन्मभर एकाच गावात राहिली. गाव बदलले नाही, घर बदलले नाही, अंगणातली तुळससुद्धा जिथल्या तिथे. तरीही ती चार वेगवेगळ्या राज्यांत राहून गेली! कसे काय बरं?

सुचले उत्तर? नाही? मग ऐका. ती बाई म्हणजे माझी आजी आणि ते गाव म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले घाटंजी. आजीचा जन्म १९३० सालचा. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि घाटंजी 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होती. १९५० साली त्या प्रांताचे नाव झाले मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला विदर्भ मुंबईच्या मोठ्या द्विभाषिक राज्यात गेला. त्यात मराठी माणसे होती तशी गुजरातीही होती. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. झाली की नाही चार?

आजी हसून म्हणायची, "मी त कुठी गेली नाई बाप्पा, हे राज्यंच माह्या दारासमोरून गेले!"

आज हे सगळे आठवायचे कारण म्हणजे एक भांडण. माझ्या घरातले. मी तेव्हा सातवी पास झालो होतो. १ मे, महाराष्ट्र दिन. शाळेत झेंडावंदन झाले, निकाल हातात पडला आणि मी उड्या मारत घरी आलो. घरी आमरसाचा बेत होता. माझे मामा दारव्ह्याहून आले होते. ते शिक्षक. काका कापूस पिकवणारे शेतकरी. पाने मांडली जात होती, तेवढ्यात मामा सहज म्हणाले, "आज महाराष्ट्राचा वाढदिवस!"

झाले! काका उसळले. "कसला वाढदिवस, गुरुजी? वीज तयार होते आपल्या चंद्रपूर-कोराडीले अन् अंधार आपल्याच घरी! कापूस आपला, भाव ठरवणारे दुसरेच. एका कागदासाठी मुंबईले जा, रात्रभराची बस. वेगळा विदर्भ पाहिजे!"

मामाही गप्प बसणारे नव्हते. "अहो, आपली भाषा एक. एका भाषेचे एक राज्य व्हावे म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १०६ जणांनी प्राण दिले. आणि मुंबईच्या करातून तिजोरी भरते म्हणून तर माझा पगार वेळेवर होतो. वेगळे झाल्यावर तो कोण देणार? आपल्या पुसदचे वसंतराव नाईक ११ वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते, ते याच महाराष्ट्राचे ना?"

"मग मुख्यमंत्री आपले असूनही आपण मागे का?" काका ओरडले.

आवाज इतके चढले की मामा पानावरून उठले, पिशवी उचलली आणि रस न खाता सरळ एसटी स्टँडकडे चालू लागले. घरात एकदम शांतता. माझा निकाल कुणी पाहिलाच नाही!

पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी एक गोष्ट बघू या. या दोघांत खरे कोण बोलत होते? गंमत अशी की दोघेही खरेच बोलत होते.

आपण महाराष्ट्रात आलो ते काही अटी ठरवून. २८ सप्टेंबर १९५३ रोजी विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी नागपुरात एक करार केला. त्याला नागपूर करार म्हणतात. सही करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण होते. करारात काय होते? नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ असेल. वर्षातून एकदा तरी विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरेल. सरकारी पैसा, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातील.

पण १९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळेच सुचवले. मराठी बोलणाऱ्या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, असे आयोगाचे म्हणणे होते. दिल्लीच्या सरकारने ते मानले नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या वणीला जन्मलेले लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे. हेच बापूजी १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. १९६२ साली ते विदर्भाचा प्रश्न घेऊन नागपुरातून अपक्ष उभे राहिले आणि लोकसभेवर निवडून आले. पण याच विदर्भातली पुष्कळ माणसे संयुक्त महाराष्ट्राच्याही बाजूची होती, हे विसरू नका हं!

मग करार पाळला गेला का? काही पाळला, काही नाही. खंडपीठ नागपूरला आहे. हिवाळी अधिवेशनही तिथे भरते. पण विकासाचे काय? १९८३ साली सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. तिने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असे एकेक मोजून बघितले आणि १९८४ साली सांगितले की राज्यात सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष आहे. अनुशेष म्हणजे करायचे राहून गेलेले काम. त्यातला सुमारे ३९ टक्के अनुशेष एकट्या विदर्भाचा होता. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. असे नाव कुणाला हवे असते? काकांचा राग काही हवेतून आलेला नव्हता.

आणि मामांची काळजीही खरी होती. घर वेगळे केले की चूलही वेगळी पेटवावी लागते. तिजोरी, पगार, पाणी, कर्ज, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बरं, हा निर्णय करायचा कुणी? आपल्या राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे नवे राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती ते विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत विचारायला पाठवतात. पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. आपल्या पैनगंगेपलीकडेच याचे उदाहरण आहे. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले. तरी संसदेने ते मंजूर केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले. आदिलाबादचा पत्ता बदलला, गाव तेच!

म्हणजे असा प्रश्न थेट लोकांना विचारून सोडवायची आपल्याकडे रीत नाही. पण एकदा तसे झाले होते. कुठे? गोव्यात. पोर्तुगीज गेल्यावर प्रश्न आला की गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे? १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची खूण होती फूल आणि वेगळे राहण्याची खूण दोन पाने. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. निकाल काय लागला? दोन पानांना १,७२,१९१ मते आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

पण खरी मजा पुढेच आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला निवडून दिले! म्हणजे लोकांनी त्यांची ही एक गोष्ट नाकारली, माणूस नाही नाकारला. आणि हरलेल्यांनीही निकाल मानून कामाला हात घातला.

आता जरा लांब जाऊ, थेट इंग्लंडला. युरोपातल्या देशांनी मिळून एक संघ केला आहे, युरोपियन युनियन. एकमेकांच्या मालावर जकात नाही, कुठल्याही देशात राहा, शिका, नोकरी करा. ब्रिटन त्याच्या आधीच्या व्यापारी संघात १९७३ साली आला. दोन वर्षांनी लोकांना विचारले, तेव्हा शंभरातले ६७ जण 'राहू या' म्हणाले. पण पुढे कुरबुरी वाढल्या. आमचे कायदे दुसरीकडे का ठरतात? आमचा पैसा तिकडे का जातो? बाहेरून इतकी माणसे का येतात? ओळखीचे वाटते ना हे बोलणे? मग २३ जून २०१६ रोजी पुन्हा मतदान झाले. शंभरातली ५२ मते 'निघू या' आणि ४८ 'राहू या'. अगदी काठावर!

मतपत्रिकेवर प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर द्यायला क्षणभर पुरे. पण निघायचे म्हणजे नेमके कसे निघायचे, यावर तिथे तीन-साडेतीन वर्षे वाद चालला. पंतप्रधान बदलले. आयर्लंडमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. तिच्यावर आता नाके बसवायचे का, हा पेच उभा राहिला. स्कॉटलंडमध्ये तर ६२ टक्के लोकांनी 'राहू या' म्हटले होते, तरी त्यांनाही निघावे लागले. शेवटी ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आणि ऐका, मतदानाच्या दिवशी जी मुले सोळा वर्षांची होती, त्यांना मत नव्हते. पण बाहेर पडल्यावर शिकायला, नोकरीला युरोपात जाताना अडचण येणार ती त्यांनाच!

विदर्भ वेगळा झाला तरी पुण्याला जायला पासपोर्ट लागणार नाही, हा मोठा फरक आहेच. तो देशाचा मामला, हा एका देशातला. पण भांडणाचा गाभा सारखाच आहे. म्हणून असा वाद कानावर आला की लगेच 'मी या बाजूचा' म्हणू नका. आधी विचारा, एकत्र येताना काय ठरले होते आणि त्यातले काय पाळले? निघालो तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणते काम कोण करणार? आणि सगळ्यात महत्त्वाचे, ज्यांचे म्हणणे हरेल त्यांच्याशी आपण कसे वागणार? कारण ते कुठे जाणार नाहीत. शंभरातले ४८ असोत की ८, राहणार ते आपल्याच गल्लीत.

हो, ती गोष्ट राहिलीच की! मामा गेल्यावर आजीने मुकाट्याने एक डबा घेतला, काठोकाठ रस भरला आणि माझ्या हातात दिला. "जाय, मामाले दे. सांग, राज्य कोणतंई असो, रस याच घरचा हाये."

मी दारापर्यंत गेलो, तर काकांनी सायकल काढलेली. "बस मागं," म्हणाले. स्टँडवर मामा बाकावर बसले होते. काकांनी डबा पुढे केला. मामांनी झाकण उघडले, थोडा रस झाकणात ओतला आणि काकांपुढे धरला. दोघांनी तिथेच रस संपवला. मग मामांनी माझा निकाल मागितला, गणिताचे गुण बघून पाठ थोपटली आणि काकांकडे वळून म्हणाले, "पण भाऊ, पगाराचं उत्तर तुम्ही दिलंच नाही!"

बस येईपर्यंत दोघे पुन्हा भांडत होते! पण या वेळी एकाच बाकावर बसून.

तर आता तुमचे काम. या आठवड्यात घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या जन्माच्या वेळी आपले गाव कोणत्या राज्यात होते. आणि वर्गात एक वादविवाद घ्या. विषय हाच. अट फक्त एक, ज्याला विदर्भ वेगळा हवा त्याने एकत्र राहण्याच्या बाजूने बोलायचे आणि ज्याला एकत्र राहायचे त्याने वेगळे होण्याच्या बाजूने. बघा किती अवघड जाते ते! कोण काय बोलले ते मला पत्राने कळवाल ना?

तुमचा,
घाटंजीचा काका