भाकरीची बाजू

‘सकस खाणं हे पैसेवाल्यांचं खूळ आहे.’ ज्वारी-बाजरीचा, मोडाच्या कडधान्यांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. क्विनोआ, चिया, ॲव्होकाडो यांचे भाव पाहिले की कोणालाही तसंच वाटेल. पण सकस म्हणजे हेच, हे ठरवलं कोणी? मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, नाचणी, मटकी, चवळी, शेवग्याचा पाला, भुईमुगाचे दाणे हे आपल्याच शिवारातलं अन्न आहे. रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळत असताना ज्वारी विकत घेणं गरीब घराला जड जातं, हे मान्य. त्यावरचा उपाय भाकरी सोडणं हा नव्हे; ज्वारी-बाजरी रेशनवर नियमित मिळावी, ही मागणी लावून धरणं हा आहे. आणि मुलांच्या हातात रोज पडणाऱ्या बिस्किट-वेफर्सच्या पुड्यांचा महिन्याचा हिशेब मांडला, तर त्या पैशांत किती मूग-मटकी येते, हे ज्याचं त्याने पाहावं.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. कोंडा गुरांचा, पांढरंशुभ्र माणसांचं, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डॉ. ख्रिस्तियान आइकमान यांच्या कोंबड्या पॉलिश केलेल्या तांदळावर लुळ्या पडल्या आणि कोंड्यासह तांदूळ मिळताच सावरल्या. दाण्यावरून आपण जे खरवडून टाकतो, त्यातच जीवनसत्त्व असतं, याचा माग तिथून लागला. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनही नसतात. सकाळी पोट साफ होणं, अकरा वाजताच भुकेने कासावीस न होणं, या रोजच्या सुखाशी त्या तंतूंचा थेट संबंध आहे. माझं भांडण पोळीशी नाही. अख्ख्या गव्हातही तंतू भरपूर असतात. कणकेतला कोंडा चाळून टाकू नका, एवढंच.

तिसरे म्हणतात, उष्मांक तेवढेच असले की काहीही खा. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी हेच तपासलं. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरगुती वळणाचं. दोन्हीकडे ताटात उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच वाढले. खायचं मात्र मनाला येईल तेवढं. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कारखानी अन्नावर माणसं दिवसाला सुमारे पाचशे उष्मांक जास्त खात होती, जेवतही भराभर होती. त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. प्रयोग लहान होता, पण सावकाश चावून खाल्लेली भाकरी आणि दोन मिनिटांत संपलेला पुडा पोटाला सारखे नसतात, हे त्याने दाखवून दिलं.

आता आमच्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींना दोन शब्द. भाकरीने मधुमेह ‘बरा’ होतो, असं सांगत फिरू नका. ज्वारीतही पिष्ट आहेच. चार भाकऱ्यांनी साखर वाढणारच. भाकरी सुरू केली म्हणून कोणीही गोळी बंद करू नये. तंतूंची सवय नसलेल्या पोटाने आहार हळूहळू बदलावा आणि पाणी वाढवावं. जी गोष्ट मुळातच चांगली आहे, तिला चमत्काराचा मुलामा लागत नाही.

उरतो वेळेचा आक्षेप, आणि सगळ्यांत खरा तोच आहे. भाकरीला उकड काढावी लागते, पीठ मळावं लागतं, हात बसावा लागतो. घरातल्या बाईनेच पहाटे उठून सगळ्यांसाठी थापायच्या असतील, तर ते आरोग्य तिच्या पाठीवर उभं आहे. रोज भाकरीच हवी असंही नाही. ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, कुकरमधली मटकीची उसळ, दुपारच्या भुकेला फुटाणे-शेंगदाणे किंवा पेरू, यांना फार हात लागत नाहीत. पण ज्याला रात्रीच्या ताटात गरम भाकरी हवी आहे आणि जो तिचे गुण सांगतो आहे, त्याने आधी परात स्वतःकडे ओढावी.