अभिनयाचा पुरावा : विजया मेहता यांची 'मावशी'

विजया मेहता यांच्या कारकिर्दीची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा दिग्दर्शनाच्या अंगाने होते. १९६० साली स्थापन झालेली 'रंगायन', चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव', जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने झालेले ब्रेख्तच्या आणि संस्कृत नाटकांचे प्रयोग, हे टप्पे वारंवार नोंदविले जातात. त्या मानाने 'कलयुग' (१९८१), 'पार्टी' (१९८४) आणि 'रावसाहेब' या हिंदी चित्रपटांतील त्यांच्या भूमिका पुरवणीदाखल उल्लेखिल्या जातात. ही विभागणी सोयीची असली तरी समर्थनीय नाही.

'रावसाहेब'चेच उदाहरण घेता येईल. जयवंत दळवी यांनी आपल्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून 'बॅरिस्टर' हे नाटक लिहिले. १९७७ साली ते रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे दिग्दर्शन विजयाबाईंनी केले आणि मावशीची भूमिकाही त्यांनीच केली. पुढे याच नाटकावरून त्यांनी 'रावसाहेब' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातील मावशीसाठी त्यांना १९८५ सालच्या चित्रपटांकरिता दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. चित्रपटातील अभिनयाचे श्रेय दिग्दर्शकाला आणि संकलकाला द्यावे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे मात्र नटी आणि दिग्दर्शिका एकच असल्याने त्या आक्षेपाची धार बोथट होते.

मावशी ही केशवपन झालेली विधवा आहे. तरुण राधेच्या वाट्याला वैधव्य येते, तेव्हा मावशीचे नुसते असणेही अर्थपूर्ण ठरते. रंगमंचावर एकीचे भोगून झालेले आयुष्य आणि दुसरीचे संभाव्य आयुष्य प्रेक्षकाला एकाच दृष्टिक्षेपात दिसू शकते. कोणाकडे पाहायचे हे तोच ठरवितो. नटीला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज, चाल आणि विराम यांच्या आधारे भूमिका पेलावी लागते. कॅमेरा ही निवड प्रेक्षकाकडून काढून घेतो, पण त्या बदल्यात चेहरा जवळ आणतो. जे देहाच्या ठेवणीतून सांगायचे ते आता नजरेतून सांगावे लागते. म्हणून चित्रपटातील मावशी ही नाटकातील मावशीची नक्कल नव्हे, तसेच तिची उणी आवृत्तीही नव्हे. एकाच व्यक्तिरेखेचे एकाच नटीने केलेले ते दुसरे वाचन आहे.

या भेदाला केवळ सैद्धांतिक महत्त्व नाही. १९७७ चा प्रयोग पाहिलेल्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. चित्रपट मात्र उपलब्ध राहतो. परिणामी नव्या अभ्यासकाच्या मनातील मावशी ही पडद्यावरची मावशी असते, आणि छापील संहिता वाचतानाही तोच चेहरा समोर येतो. विद्यापीठीय अभ्यास संहितेपाशी थांबला, तर रंगमंचावरील मावशी कोणताही माग न ठेवता नाहीशी होईल. प्रेक्षकांच्या आठवणी, सहकलावंतांची निवेदने, छायाचित्रे आणि विजयाबाईंचे 'झिम्मा' (२०१२) हे आत्मकथन चित्रपटाशेजारी ठेवून वाचले, तरच दोन्ही वाचनांमधील अंतर मोजता येईल. अभिनय हाही नाट्यार्थाचा एक कर्ता आहे, हे मान्य करणाऱ्या समीक्षेने आता हे काम हाती घेणे अगत्याचे आहे. साक्षीदार हयात आहेत तोवरच ते होऊ शकते.