कापलेल्या कोपऱ्याचे काय?

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ४० मजली इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीचे ५०० चौरस फुटांचे घर झाले. कचऱ्याच्या डब्यात पडणारे प्लॅस्टिक मात्र तेच आहे.

एकेकाळी मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून यायचे. रिकामी बाटली केंद्रावर परत जायची, धुऊन पुन्हा भरली जायची. तिची जागा घेणारी पिशवीही तशी वाईट नाही. ती मुख्यतः पॉलिथिनची, त्यामुळे वितळवून तिचे दाणे करता येतात. अडचण आहे ती कापलेल्या कोपऱ्याची. एवढासा तुकडा भंगारवाला वेचणार कसा? चिप्सच्या पाकिटाचे दुखणे त्याहून मोठे. त्यात निरनिराळ्या प्लॅस्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर चिकटवलेले असतात. ते सुटे करणे महाग, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. रहिवाशांनी सुका कचरा कितीही निगुतीने वेगळा ठेवला, तरी हे पाकीट बहुधा डम्पिंग ग्राउंडवरच जाते.

जून २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा दंडाची धास्ती दुकानदार आणि ग्राहकांनीच घेतली. उत्पादकांकडे आता कचरा गोळा केल्याचा हिशेब मागितला जातो. तसाच तो पाकिटाच्या आखणीचाही मागायला हवा: एकाच जातीचे प्लॅस्टिक, आणि कापला तरी पिशवीलाच लटकून राहणारा कोपरा.