जुने घर पाडण्याआधी छप्पर पाहा

कोलशेतला आधी कारखाने आले, १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली, मग टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. भाताची खाचरे गेली. आता जुने कौलारू घर हीच काय ती शेतकरीपणाची खूण. तेही "गळतंय, पाडून टाकू" म्हणत पाडले जाते. आमचे म्हणणे एवढेच, की पाडण्याआधी एकदा शिडी लावून वर चढून बघा.

ठाण्याकडे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक कौल सरकले, की पाणी वाशात, तिथून भिंतीत आणि शेवटी खांबाच्या बुडाशी उतरते. तिथे वाळवी लागते. म्हणून पहिला खर्च छपरावर करा. मे महिन्याच्या आत कौले चाळून घ्या, फुटकी बदला, कुजलेले वासे व रिपा काढा. सागाचा खांब तळखड्यापाशीच कुजला असेल, तर तेवढाच भाग कापून सांधा देता येतो. जाणता सुतार गाठा. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावायची कोकणातली रीत आजही उपयोगाची आहे.

दुसरी गोष्ट सिमेंटची. माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की आतली ओल आतच कोंडते. खाडीकाठी तर मिठाचे फूल धरते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. चुना नीट विरवून, दोन-तीन आठवडे मुरवून मगच वापरा.

पण खरी गळती पुष्कळदा कागदावर असते. घर सामाईक, वारस दहा, मग कौलाचा खर्च करायचा कुणी? भावाभावांनी आधी बसून वापर आणि खर्च लिहून काढावा, वारस नोंदी पुऱ्या कराव्यात. ग्रामीण भागात गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या गावकामगारांनी पत्रिका वाटतानाच वारस नोंदीचेही लोकांना समजावून सांगावे.

त्या गावांत माळ्यावर अजून बियाणे ठेवतात, पडवीत गुरे बांधतात. कोलशेतची वेळ त्यांच्यावर यायच्या आत छपराकडे बघितलेले बरे. यंदाचा पाऊस काही थांबणार नाही.