व्रत कशासाठीं?

"सेवेची आवड असेल, तर संसार सांभाळूनहि लोकसेवा करतां येते, मग व्रतें घेऊन मठांत जाण्याचें प्रयोजन काय?" कन्या धर्मभगिनी होऊं इच्छिते असें कळतांच पुष्कळ आईबापांच्या मुखीं हाच प्रश्न येतो. तो उडवून लावण्याजोगा नाहीं. गृहस्थाश्रमांतहि ईश्वरभक्ति व परोपकार घडतात, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे.

तथापि आमच्या उपनगरांतील अंधेरीचें सेंट कॅथरीन्स होम वाचकांनीं दृष्टीपुढें आणावें. १८३३ सालीं बेल्जममधील लिएज शहरीं स्थापन झालेल्या 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या धर्मभगिनींनीं तेथें अनाथ मुलांचें संगोपन केलें. जर्मनींतून आलेल्या सिस्टर ॲना ह्यूबर्टा यांचें तेथील कार्य ऐकून बॉन शहरच्या शिक्षिका रोझी गोलमन यांचें मन हेलावलें, आणि १९६७ सालीं त्यांनीं 'अंधेरी-हिल्फे' ही साहाय्यसंस्था काढिली.

टाकलेल्या मुलास भाकरी कोणीहि देईल. परंतु "उद्यां हींहि मला टाकून जातील काय?" ही त्याची भीति कोणीं घालवावी? आमच्या मतें व्रतांचा अर्थ येथें उमगतो. दारिद्र्याच्या व्रतामुळें अधिक वेतनाचा मोह धर्मभगिनीस दूर नेत नाहीं. ब्रह्मचर्यामुळें तिच्या मायेवर स्वतःच्या संसाराचा हक्क राहत नाहीं. आज्ञापालनामुळें एकीस अन्यत्र जावें लागलें, तरी तिच्या जागीं दुसरी येते. ईश्वरास कशाचीच उणीव नाहीं. त्याला वाहिलेलें जीवन तो अशा लेंकरांच्या ओंजळींत घालतो.

हें समर्पण क्षणिक भावनेच्या भरांत होत नाहीं. ख्रिस्तसभेच्या नियमान्वयें उमेदवारीचे किमान बारा महिने गेल्यावरच पहिलीं व्रतें घेतां येतात. तींहि मुदतीचीं असतात. आजीवन व्रतांपूर्वीं निदान तीन वर्षें जावीं लागतात. बळजबरीनें घेवविलेलें व्रत तर व्रतच ठरत नाहीं.

म्हणून आईबापांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं कन्येस मठाकडे लोटूं नये, आणि तिची वाटहि अडवूं नये. तिचा निश्चय तिचा स्वतःचा आहे ना, एवढेंच प्रेमानें विचारावें. होकार मिळाल्यास तिला आशीर्वाद द्यावा. कारण व्रताचा दिवस हा समर्पणाचा केवळ आरंभ होय. तें पुढें रोज पहांटे, रडणाऱ्या मुलास उचलून घेतांना, नव्यानें करावें लागतें.