सायकली विकणारा अभ्यासक्रम

निकालांचे दिवस आले की पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून कर्वे रस्त्यापर्यंत, आणि हल्ली तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही, एकाच छापाच्या जाहिराती झळकतात. पॉवर बीआय, टॅब्लो, एसक्यूएल. दीड-दोन महिन्यांत डेटा ॲनालिस्ट. शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य. यातलं साहाय्य शंभर टक्के असतं, प्लेसमेंट नव्हे, हे कळेपर्यंत फीचा दुसरा हप्ता भरून झालेला असतो.

बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे पालक मग विचारतात, यातला कोणता क्लास लावावा? माझा सल्ला थोडा विचित्र वाटेल. फी, प्रमाणपत्र, एसी लॅब हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारा, की सरावाला हिशेब कोणाचा देता?

धंद्याचे अहवाल तयार करणारी सॉफ्टवेअर शिकवताना काहीतरी आकडे लागतातच, आणि ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअर कंपनीनेच पुरवलेले असतात. मायक्रोसॉफ्टचा नमुना ‘ॲडव्हेंचर वर्क्स’ ही सायकली विकणारी काल्पनिक कंपनी. त्याआधी क्रिस्टल रिपोर्ट्ससोबत ‘एक्स्ट्रीम’ नावाचा डेटाबेस यायचा; तीही सायकल कंपनीच. टॅब्लोचं ‘सुपरस्टोअर’ अमेरिकेच्या राज्याराज्यांत खुर्च्या, कागद, फोन विकतं. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात दोन पिढ्या परक्या सायकलींच्या विक्रीवर अहवाल शिकल्या आणि त्याच काळात इथल्या रस्त्यांवरून खऱ्या सायकली गेल्या. योगायोगच म्हणायचा.

माझं म्हणणं असं, की अभ्यासक्रमाच्या पत्रकावर काहीही छापलेलं असो, खरा अभ्यासक्रम म्हणजे सरावाचा डेटा. त्यात जे नाही ते विद्यार्थ्याला कधीच भेटत नाही. आणि या सायकलींच्या दुकानात एप्रिल नाही, लाख नाही, मराठी नाही आणि उधारी तर नाहीच.

थोडा इतिहास सांगतो, कारण या क्षेत्रात दर दहा वर्षांनी ‘आता हेच शिका’ अशी हाकाटी होते. क्रिस्टल रिपोर्ट्सचा जन्म कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, ऐंशीच्या दशकातला. अकाउंटिंगच्या एका पॅकेजमधून हवे तसे अहवाल निघत नव्हते, म्हणून ते लिहिलं गेलं. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने ते व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत द्यायला सुरुवात केली आणि ते जगभर पोहोचलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘व्हीबी विथ क्रिस्टल’ असे फलक लागायचे ते त्यामुळे. मग क्रिस्टल बनवणारी कंपनी हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेटकडे गेली, २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आणि त्यानंतर काही वर्षांतच सॅपकडे. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये स्वतःचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस आणलं. त्याची २०२२ची आवृत्ती शेवटची ठरली. २०१५ मध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं. बटणांच्या जागा बदलत गेल्या. गटवार बेरीज, चढती बेरीज, मागच्या वर्षाशी तुलना या मागण्या मात्र किर्द-खतावणीच्या काळापासून तशाच आहेत.

आता त्या गैरहजर एप्रिलकडे येऊ.

पॉवर बीआयमध्ये वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणारं ‘टोटल वायटीडी’ नावाचं सूत्र आहे. क्लासमध्ये ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शिकवतात, आलेख छान वर चढतो, विद्यार्थी खूश होतात. काही सांगितलं नाही तर हे सूत्र ३१ डिसेंबरला वर्ष संपवतं. क्लासच्या सरावात ते खपून जातं. आपल्या कारखान्यात मात्र एक जानेवारीला विक्रीची बेरीज शून्यावर येते आणि मार्चअखेरची गडबड सुरू असताना मालकांच्या पडद्यावर तीनच महिन्यांचं वर्ष दिसतं. उपाय अगदी सोपा आहे. सूत्राच्या शेवटी वर्षाची अखेर ३१ मार्च आहे एवढं लिहायचं. पण ज्याने कधी एप्रिल पाहिलेलाच नाही त्याला हे सुचणार कसं? तिमाह्यांचंही तेच: यंत्राच्या लेखी पहिली तिमाही जानेवारीची. बरं, महिन्यांची नावं नुसती मजकूर म्हणून भरली तर एप्रिल सगळ्यात वर येतो खरा, पण तो इंग्रजी वर्णमालेच्या कृपेने. त्याच्या खाली लगेच ऑगस्ट आणि मग डिसेंबर.

लाखाची कथा आणखी जुनी. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये आकडा अक्षरांत लिहून देणारी सोय होती. बिलाखाली ‘अक्षरी रुपये’ छापायला अगदी हवी तशी. फक्त ती हजारानंतर थेट मिलियनवर उडी मारायची; एक लाखाचं बिल ‘वन हंड्रेड थाउजंड’ म्हणून छापायची. मग आपल्याकडच्या प्रोग्रामरांनी लाख-कोटींची आपापली सूत्रं लिहिली आणि ती सीनियरकडून ज्युनियरकडे फ्लॉपीवरून फिरत राहिली. क्लासच्या वहीत ती कुठेच नव्हती. आज पॉवर बीआयच्या कार्डवर मोठा आकडा टाकला की तो ‘१२.३५ एम’ असा आखडून बसतो. एककांच्या तयार यादीत हजार, मिलियन, बिलियन असे पर्याय आहेत, लाख-कोटी नाहीत. मालक चष्मा वर करून विचारतात, “अरे, हे एम म्हणजे किती लाख?” एक कोटी साडेतेवीस लाख, हे उत्तर त्या मुलाला तोंडी द्यावं लागत असेल तर अहवाल कशाला बनवला? आकड्यांचं फॉरमॅट स्वतः लिहून हे साधता येतं. एका तासाचं काम आहे, पण तो तास कोणाच्याच वेळापत्रकात नसतो.

मराठीची गोष्ट निघाली की क्लासवाले हात वर करतात. कॉर्पोरेटमध्ये मराठी कोण मागतं, असं त्यांचं म्हणणं. हिंजवडीपुरतं ते खरंही असेल. पण पतसंस्थेची थकबाकीची यादी, साखर कारखान्याचं ऊस बिल, ग्रामपंचायतीची घरपट्टीची मागणी हेही अहवालच आहेत आणि ते वाचणाऱ्याला मराठीच लागतं. तिथे दोन अडचणी हमखास येतात. जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. फाँट काढून घेतला की नावांच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आणि नव्या, शुद्ध युनिकोड डेटाची पीडीएफ काढावी तर काही रिपोर्ट साधनं देवनागरीची जोडणीच करत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, जोडाक्षरं सुटी होतात. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं आणि कागदावर नाव मोडतं. हे पहिल्यांदा सभासदाच्या हातात छापील कागद गेल्यावर कळावं की लॅबमध्ये, एवढाच प्रश्न आहे.

उधारीची बाजू तर सगळ्यात अवघड. खऱ्या खतावणीत एकच व्यापारी तीन नावांनी असतो. कुठे ‘ट्रेडर्स’, कुठे ‘ट्रेडिंग कंपनी’, कुठे नुसतं आडनाव. परत आलेला माल, क्रेडिट नोट, आगाऊ रक्कम, तारीखच नसलेली पावती. नावावर गट पाडले की बेरीज चुकणार हे ठरलेलं. इथे जीएसटी क्रमांक कामाला येतो. त्याचे पंधरा अंक-अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. म्हणजे पणजी आणि कोल्हापूर अशा दोन शाखांतून खरेदी करणारा गिऱ्हाईक एकच आहे, हे मधली दहा अक्षरं वेगळी काढली की कळतं. ही युक्ती कोणत्याही अकाउंटंटला पाठ असते. अहवाल बनवणाऱ्या मुलाला ती माहीत नसते, कारण सुपरस्टोअरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच स्वच्छ क्रमांक दिलेला असतो.

क्लासचालकांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, संकल्पना शिकवायची तर डेटा स्वच्छ हवा. आणि गिऱ्हाइकांचे खरे हिशेब वर्गात आणता येत नाहीत, ते गोपनीय असतात. पहिला मुद्दा पहिल्या आठवड्यापुरता मान्य. दुसरा मुळीच नाही, कारण खरा, अस्सल गावरान आणि तरीही सार्वजनिक डेटा केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर रोज पडतो. बाजार समितीनिहाय आवक आणि भाव: किमान, कमाल आणि सर्वसाधारण.

लासलगावचा कांदा घ्या. समजा एका दिवशी लासलगावात दहा हजार क्विंटल कांदा आला आणि सर्वसाधारण भाव पंधराशे निघाला. एखाद्या छोट्या बाजारात त्याच दिवशी शंभर क्विंटल आला आणि अडीच हजाराने गेला. क्लासमध्ये शिकलेला मुलगा भावाचा रकाना ओढून ‘ॲव्हरेज’ निवडतो आणि जिल्ह्याचा सरासरी भाव दोन हजार दाखवतो. आवकेचं वजन धरलं तर तो १,५१० रुपयांच्या आसपास येतो. जवळपास पाचशे रुपयांचा फरक, आणि यात यंत्राने काहीच चूक केलेली नाही. पुढचा प्रश्न सुट्ट्यांचा. बाजार बंद असतो त्या दिवशी ओळच नसते. ती शून्य धरायची, रिकामी ठेवायची, की रेषेने अलीकडचं-पलीकडचं जोडून मोकळं व्हायचं? रेषा जोडली तर संपात बंद राहिलेला आठवडा आलेखात सुरळीत व्यवहारासारखा दिसतो. एवढ्या एका फाइलवर महिनाभर शिकवता येईल.

आणि मांडणी शिकवायला सातबारा आहेच. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. गट क्रमांक या समान दुव्यावर जोडलेले हे दोन तक्ते. एसक्यूएलच्या तासाला ‘जॉइन’ म्हणून जे शिकवतात ते शेतकऱ्याच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं. २०२० मध्ये शासनाने या उताऱ्याची मांडणी बदलली. क्षेत्राचं एकक स्पष्ट लिहिलं, खाते क्रमांक खातेदाराच्या नावासोबत आणला, प्रलंबित फेरफार वेगळे दाखवले, जुन्या फेरफारांचे क्रमांक स्वतंत्र जागी नेले. यातला प्रत्येक बदल कुणाच्या तरी फसगतीवरचा उपाय आहे. प्रलंबित फेरफार दिसला की जमीन घेणारा थांबतो, चौकशी करतो. अहवालात काय कुठे ठेवायचं हे रंगांच्या आवडीवर नव्हे, तर वाचणारा त्यावरून काय ठरवणार यावर अवलंबून असतं. हे शिकवायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. पण डॅशबोर्डच्या तासाला सगळा वेळ जातो तो गोल चकत्यांचे रंग निवडण्यात.

क्लास लावूच नये असं मी म्हणत नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, टॅब्लो पब्लिकही. मायक्रोसॉफ्टचं शिक्षणाचं साहित्य जालावर मोफत आहे. पॉवर बीआयची पीएल-३०० ही परीक्षा घरी अभ्यास करूनही देता येते, हजारात सातशे गुण लागतात. तरी अडलेल्या ठिकाणी मराठीत समजावणारा माणूस आणि सोबतीला चार मुलं यांची किंमत आहे. शिवाय पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजवरच चालतं. ज्या घरात फक्त मोबाइल आहे तिथे क्लासची लॅब हाच एकमेव संगणक. फी ठरवताना त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेवढं विचारून घ्या. आता तर साध्या वाक्यात सांगितलं की आलेख काढून देणारे सहायकही या सॉफ्टवेअरमध्ये आले आहेत. म्हणजे कोणतं बटण कुठे आहे, या शिकवणीचा भाव उतरत जाणार. वर्ष एप्रिलला सुरू होतं, हे मात्र त्या सहायकालाही कुणीतरी सांगावं लागतं.

डेमो लेक्चर बहुतेक ठिकाणी मोफत असतं. जाताना ॲगमार्कनेटवरून कांद्याची सहा महिन्यांची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि सरांना म्हणा, “सर, याचा महिनावार सरासरी भाव काढून दाखवता का?” आवकेचा रकाना त्यांनी स्वतःहून मागितला तर तिथे नाव नोंदवायला हरकत नाही. बंद दिवसांचं काय करायचं हेही त्यांनी विचारलं, तर फीमध्ये फार घासाघीस करू नका.